रविवारचं कागदवाचन

आमच्या इमारतीच्या तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आहेत. इथे, या बेटाएवढ्या देशात, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. एका खांबावर चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी आहे आणि मुलं नेमकी तिच्याखाली खेळतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला खांबावर चेंडू आपटल्याचा आवाज नवव्या मजल्यापर्यंत येतो. एक आपट, मग थोडी शांतता, मग पुढची आपट. त्या मधल्या शांततेवरून खेळणारा मुलगा कसा आहे ते मला कळतं. धांदरट मुलाची शांतता लांब असते, कारण त्याला चेंडूमागे पळावं लागतं. माझ्या आदित्यची शांतता इतकी सारखी असायची की मी आत बसून तिच्यावर श्वास मोजत असे. त्याला तिथे खेळून आठ वर्षं होत आली. तरी एखाद्या संध्याकाळी तीच लय खालून येते, मी हातातला कप ठेवतो आणि कॉरिडॉरच्या कठड्यावरून वाकून बघतो. कोणीतरी दुसराच मुलगा असतो.

बोटींवरची वर्षं लिहून झाली. इंजिनरूममधली आग लिहिली, पहिल्या बोटीवरचं रडणं लिहिलं, ते लिहिताना हात अडला नाही. हे प्रकरण मात्र मी तीनदा लिहायला घेऊन बाजूला ठेवलं. माणसाने आत्मकथनात स्वतःचं वाढणं लिहावं हे मला कळतं. पण इथे मला माझ्या मुलाच्या वाढण्याबद्दल लिहायचं आहे, त्याच्या पंधराव्या वर्षाबद्दल, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी त्या वर्षी केली. तीही जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, स्वच्छ आवाजात.

आदित्य माझ्या चाळिशीनंतर झाला. तोवर मी बोट सोडून तुआसच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात लागलो होतो आणि जुरोंग ईस्टला हा फ्लॅट घेतला होता. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घरी, अंगाला ग्रीसचा आणि गंजलेल्या पत्र्याचा वास. माधवी, माझी बायको, दारातच म्हणायची, "अहो, आधी आंघोळ, मग माणसांत या." रविवारी मी बाजारातून बाटांग आणत असे. बाटांग म्हणजे आपली सुरमईच, फक्त मासेवाली चिनी आजी ती आपल्यासारखी कापून देत नाही, तिला दरवेळी बोटाने जाडी दाखवावी लागते. माधवी तुकड्यांना आगळ-तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवायची, तव्यावर चर्र आवाज झाला की आदित्य कुठूनही धावत यायचा आणि ती सुरमई इथल्या सांबाल चिलीच्या चटणीत बुडवून खायचा. "आई, तुझं तिखट पण नाईस, पण धिस वन मोर शिओक लाह," म्हणायचा. शिओक म्हणजे झकास. माधवी म्हणायची, "हो, मग त्या सांबालवालीलाच आई म्हण."

जेवण झालं, टेबल पुसलं, की कागदवाचन. ही आमच्या घराची रीत होती आणि ती मी बोटीवरून आणली होती. चीफ इंजिनियर असताना कंपनीकडून आलेलं प्रत्येक परिपत्रक मी जेवणघरात खलाशांना मोठ्याने वाचून दाखवत असे, कारण न वाचता सही केलेल्या कागदाने बोटीवर माणसं मरतात. घरीही तेच. आठवडाभरात आलेली शाळेची, बँकेची, फ्लॅटची, पासांची पत्रं रविवारी मी इंग्रजीत वाचायचो आणि एकेका मुद्द्याचा अर्थ मराठीत सांगायचो. लहानपणी आदित्य माझ्या मांडीवर बसून मुद्दा संपला की टेबलावर हात आपटून ओरडायचा, "नेक्स्ट!" माधवी भाजी निवडत ऐकायची. शेवटी मी ठरवायचो, करायचं की नाही, आणि त्यावर कोणी पुन्हा बोलत नसे. आमच्या ओळखीतली माणसंसुद्धा कागद घेऊन यायची. "तुम्ही वाचलंत म्हणजे झालं," म्हणायची. मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्या कागदांपैकी एक कागद आधी सांगितला पाहिजे. आम्ही दोघांनी इथलं कायम वास्तव्य घेतलं, पण मुलाला मुद्दाम स्टुडंट पासवर, शिक्षणापुरत्या परवान्यावर, ठेवलं. त्याला आमच्याबरोबर कायम वास्तव्य मिळालं असतं तर अठराव्या वर्षी त्याला दोन वर्षं सैन्यात जावं लागलं असतं. ही युक्ती इथल्या पुष्कळ मराठी घरांना ठाऊक आहे, कोणी ती मोठ्याने सांगत नाही एवढंच. मुलाची इंजिनियरिंगची दोन वर्षं वाचतील असा आमचा हिशोब. फुटबॉलचा विचार त्यात कुठेच नव्हता.

फुटबॉल शिकवायला चेगू होते. चेगू म्हणजे मलायमध्ये गुरुजी. मुलं म्हणायची म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पन्नाशीचे, बुटके, एका गुडघ्याने लंगडणारे, तरुणपणी इथल्या लीगमध्ये खेळलेले. आदित्य सरावाला घरून थालीपिठं न्यायचा आणि ती चेगूंनाच जास्त आवडायची. एका शनिवारी मी त्याला आणायला गेलो तेव्हा त्यांनी मला मैदानाजवळच्या कॉफीच्या दुकानात बसवलं. त्यांना काही सांगायचं होतं, पण ते शब्दांचे माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरचे चार रिकामे कप ओळीने मांडले.

"अंकल, माझ्याकडे चार मुलं आहेत. चौघंही बाहेर खेळू शकतील," ते इंग्रजीत म्हणाले. मग पहिला कप पालथा घातला. "हा फैझ. सगळ्यात बेस्ट. पण अठराला आर्मी. बाहेरचा क्लब म्हणतो, ये. सरकार म्हणतं, आधी दोन वर्षं. दोन वर्षांनी क्लब म्हणतो, हू आर यू?" दुसरा कप. "हा मोठा झाल्यावर जाईल म्हणतो. मोठा झाल्यावर इंग्लंड काय विचारतं? तुझ्या देशाच्या टीमचा नंबर किती? आमचा नंबर, अय्यो, पान उलटत जा, उलटत जा, मग सापडतो. परवाना नाही. खेळ कसा आहे ते बघायला मैदानापर्यंत कोणी येतच नाही." तिसरा कप त्यांनी पालथा केला, मग म्हणाले, "ह्याच्या आईने भीतीने पाठवला नाही." चौथ्या कपावर त्यांनी बोट ठेवलं. तो सरळ होता. "तुमचा बॉय. आर्मी नाही. वय लहान. तिथेच वाढला तर ते त्याला आपला म्हणतील. मोठा होऊन गेला तर परका. लहान देशाच्या पोराला एकच दार, अंकल. लवकर जायचं आणि तिथे वाढायचं."

मी हसून म्हणालो, "आधी त्याची दहावी होऊ दे." इथल्या ओ लेव्हलला आम्ही घरी दहावीच म्हणायचो.

"दहावी दरवर्षी असते," चेगू म्हणाले, आणि बिल द्यायला उठले.

त्यानंतरच्या शाळेच्या सुट्टीत चेगूंनी मुलांचा संघ दहा दिवसांच्या स्पर्धेसाठी हॉलंडला नेला. आदित्य परत आला तो मुका होऊन. आई विचारायची, खायला काय होतं, थंडी होती का, आणि तो म्हणायचा, "आई, तिथे ग्रास ओली असते. बॉल पळतो. मला फास्ट विचार करावा लागला." आठवड्याने चेगू स्वतः घरी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथल्या एका क्लबचं पत्र आलं होतं. मोठा क्लब नव्हता, पण त्यांची मुलं पुढे मोठ्या लीगमध्ये जातात हे आदित्यने मला नावानिशी सांगितलं. ते त्याला त्यांच्या शाळेत घ्यायला तयार होते. अट एकच, अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत जागतिक संघटनेचा जो नियम आहे त्यात हे बसलं पाहिजे. नियमाचं पान पत्राला जोडलेलं होतं. चेगूंनी ते माझ्यासमोर सरकवलं. "अंकल, यू रीड लाह. आय ओन्ली नो बॉल."

"बाबा वाचतील," आदित्य म्हणाला. "रविवारी."

त्या रविवारच्या आधीचे तीन दिवस मी आजवर कोणाला सांगितलेले नाहीत. ऑफिसातल्या माझ्या खणात तेव्हा आणखी एक कागद होता. आमच्या कंपनीचं हॉलंडमध्येच, रॉटरडॅमला, नवं ऑफिस उघडत होतं आणि तीन वर्षांसाठी तिथे जाल का असं मला विचारलं होतं. कुटुंबासह. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं. घरी मी ते बोललो नव्हतो, कारण मी नाही म्हणणार हे ठरलेलं होतं. रॉटरडॅमच्या ऑफिसचा प्रमुख देवधर होता. हा देवधर वीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली फोर्थ इंजिनियर होता, मी त्याला एकदा सगळ्यांदेखत इंजिनरूममधून बाहेर काढलं होतं, आणि आता मला त्याला रोज सकाळी रिपोर्ट द्यावा लागला असता. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फुटबॉलच्या नियमाचं पान ऑफिसात वाचलं. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवता येत नाही. खाली तीन अपवाद. पहिलाच अपवाद असा होता, की मुलाचे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर चालेल.

मी ते तीनदा वाचलं. सवयच होती. दोन कागद शेजारी ठेवले तर ते एकमेकांसाठीच छापल्यासारखे दिसत होते. मी ते शेजारी ठेवले नाहीत. एक वरच्या खणात राहिला, दुसरा बॅगेत. मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. पंधरा वर्षांचं पोर, शंभरातलं एक टिकतं, गुडघा गेला तर हातात दहावीसुद्धा नाही, माधवीला थंडी सोसत नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या आणि यातली एकही कारण नव्हती. कारण देवधर होता. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

रविवारी बाटांग नेहमीपेक्षा ताजी होती. आदित्यने दोनच तुकडे खाल्ले. टेबल त्याने स्वतः पुसलं, दोनदा. माधवी भाजी निवडायला न घेता नुसतीच बसली. मी चष्मा लावला आणि क्लबचं पत्र वाचलं, अर्थ सांगितला. मग नियमाचं पान घेतलं. मूळ नियम वाचला. "म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत परदेशातल्या क्लबात जाता येत नाही," मी म्हणालो.

"पण एक्सेप्शन असतात ना?" आदित्य म्हणाला.

"आहेत. दोन."

दोन म्हणालो. माझी नजर पहिल्या अपवादावर आली, त्यावरून घसरली आणि दुसऱ्यावर थांबली. आवाजात खंड पडला नाही. एवढी वर्षं मोठ्याने वाचण्याचा सराव होता, तो असा कामाला आला. युरोपातल्या युरोपात जाणाऱ्या मुलांसाठी एक, तो वाचला. देशाच्या सीमेला लागून राहणाऱ्या मुलांसाठी एक, तो वाचला. दोन्हींचा अर्थ नीट, सावकाश सांगितला. मग पान घडी घालून पत्राखाली ठेवलं.

"म्हणजे बसत नाही," आदित्य म्हणाला.

"नियमात बसत नाही बाळा."

तो लहान असता तर त्याने टेबलावर हात आपटला असता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "ओके. नेक्स्ट." पुढचा कागद विजेच्या बिलाचा होता, आणि मी तोही वाचला. माधवीने पदर डोळ्यांना लावला आणि त्यालाच म्हणाली, "नियमापुढे कोणाचं चालतं का रे? बाबांनी सगळं बघितलं ना." चेगूंना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "तुम्ही वाचलंत ना अंकल? मग ओके." सोमवारी मी रॉटरडॅमला नकार कळवला.

त्यानंतरची वर्षं भरकन गेली असं लिहायला हवं, पण ती भरकन गेली नाहीत. आदित्य अठराचा होईपर्यंत त्या खांबावर खेळत राहिला आणि मी वर बसून ऐकत राहिलो. रागावला नाही, उलट जास्तच शहाणा झाला. दहावीला चांगले मार्क मिळाले. अठरा झाल्या झाल्या चेगूंच्या ओळखीने तो पोर्तुगालला एका क्लबच्या चाचणीला गेला. तीन आठवड्यांची चाचणी होती, तो सहाव्या दिवशी परत आला. विमानतळावरून येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारी बसून म्हणाला, "बाबा, ते आधी पासपोर्ट बघतात. मग पाय. इंडियन म्हटल्यावर तो माणूस हसला. वाईट नाही हसला, असंच. म्हणाला, तुमच्याकडे क्रिकेट ना? मग म्हणाला, तू पंधराचा असताना का नाही आलास?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, रूल होता."

घरी आल्यावर त्याने बूट धुतले आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूला नाड्यांनी बांधले. ते वाळले. पाऊस आला, भिजले, पुन्हा वाळले. माधवी दर वेळी म्हणायची, "काढ रे ते," आणि तो म्हणायचा, "हो आई." चार महिन्यांनी मीच ते काढले. आत कोळ्याने जाळं केलं होतं. आजही आमच्या घरात त्या बांबूला कोणी काही वाळत घालत नाही. का, असं कोणी कोणाला विचारलेलं नाही.

फैझने सैन्याची दोन वर्षं केली आणि आता तो मालवाहू ट्रक चालवतो. चेगू गेले. त्यांच्या घरी मी गेलो होतो, त्यांच्या पत्नीने मला ओळखलं आणि त्या म्हणाल्या, थालीपीठवाले. चेगूंनी शेवटपर्यंत माझ्या वाचनावर शंका घेतली नाही. चौथा कप पालथा कोणी घातला हे त्यांना कधी कळलं नाही.

आदित्य आता एका कंपनीत कंटेनरच्या वाहतुकीचं सॉफ्टवेअर लिहितो. चांगला पगार आहे. लग्न ठरलं आहे, मुलगी इथलीच, हसरी आहे. दोघं सेंगकांगला फ्लॅट घेत आहेत. मागच्या रविवारी तो त्याचे कागद घेऊन आला, चौदा पानं. जेवण झालं, त्याने टेबल पुसलं आणि गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "बाबा, यू रीड. मी वाचलं नाही. तुम्ही वाचलं की मी साइन करतो."

सव्वीस वर्षांचा मुलगा. मी चष्मा लावला आणि चौदाही पानं वाचली. प्रत्येक मुद्दा, प्रत्येक तळटीप, पानांचे क्रमांकसुद्धा. तो हसायला लागला, "बाबा, पेज नंबर पण?" माधवी आत चहा ठेवत होती, तीही हसली. मी शेवटचं पान खाली ठेवलं आणि शर्टाच्या खिशातून दुसरं एक पान काढलं. अकरा वर्षांच्या घड्यांनी ते चार ठिकाणी पांढरं झालं होतं.

"हे तू वाच," मी म्हणालो. "मोठ्याने."

त्याने वाचलं, माझ्यासारखंच, आधी इंग्रजीत, मग त्याच्या मोडक्या मराठीत. मूळ नियम वाचला. मग पहिला अपवाद. इंग्रजीत वाचून झाला आणि तो थांबला. मराठी अर्थ सांगितला नाही. तो मी सांगितला. मग रॉटरडॅम सांगितलं, महिनाअखेर सांगितली, देवधर सांगितला. देवधरचं काहीही मी वगळलं नाही. स्वयंपाकघरात माधवीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

खाली कोणाचा तरी चेंडू खांबावर आपटत होता. लांब लांब शांतता, धांदरट मुलाची.

"हे पान माझ्या ईमेलवर पण आलं होतं," आदित्य म्हणाला. "तेव्हाच. क्लबने मला कॉपी केलं होतं. अटॅचमेंट होती."

"मग तू उघडलं नाहीस?"

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. लहानपणी मांडीवर बसून वर बघायचा, तसा.

"तुम्ही वाचलं होतं ना," तो म्हणाला.

मग त्याने ते जुनं पान घडी घालून माझ्याकडे सरकवलं. सेंगकांगचा गठ्ठा स्वतःकडे ओढला, पहिलं पान वर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली, मनातल्या मनात, एकेका ओळीखाली बोट फिरवत. चौदा पानं होती. मी समोर बसून राहिलो.